अबोल मुलांनी रेकमेंडेशन मागायचं कसं

अमेरिकन कॉलेजच्या अर्जासोबत टीचरचं रेकमेंडेशन, म्हणजे शिफारसपत्र, जोडायचं असतं. मुलगी वर्गात तोंडच उघडत नाही मग टीचर तिच्याबद्दल लिहिणार काय, ही पालकांची काळजी समजते, पण बडबड्या मुलांनाच चांगलं पत्र मिळतं असं म्हणतात ते काही पटलं नाही. कॉमन अ‍ॅपच्या (एकाच ऑनलाइन अर्जाने अनेक कॉलेजांना अप्लाय करायची सोय) टीचर फॉर्ममध्ये वर्गातल्या चर्चेला रेटिंग असतं हे खरंय, पण त्याच तक्त्यात लिखाणाचा दर्जा, कामाची शिस्त, अपयश आल्यावर कशी वागते असेही रकाने असतात की, आणि तिथे शांत मुलं मार खात नाहीत.

सगळ्यात जास्त मार्क मिळालेला विषयच धरायचा असं नाही, जिथे ती अडली, तास संपल्यावर जाऊन विचारलं, निबंध पुन्हा लिहून दिला, तो टीचर बघा, शक्यतो अकरावीचा. अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या ठिकाणी एक टीचर गणित किंवा सायन्सचा आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रांचा लागतो, तेवढं आधी तपासा.

समोर जाऊन मागायला जीभ रेटत नसेल तर सरळ ईमेल करावा, त्यात काय एवढं! फक्त "माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल का" असं विचारायचं म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची सोय राहते. सोबत एक पानभर टिपण द्यावं, पण मेहनती, प्रामाणिक वगैरे नको, "लॅब रिपोर्टमध्ये ग्राफ चुकला होता, तुम्ही समासात प्रश्न लिहिलात, मग मी प्रयोग पुन्हा केला" असलं काहीतरी, टीचरला ते लगेच आठवतं. आणि हे सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, कारण अर्लीच्या, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी करायच्या अर्जांच्या, बऱ्याच डेडलाइन 1 नोव्हेंबरला असतात आणि तोवर त्यांच्याकडे रांग लागलेली असते.