‘तोपो’ला मराठीत काय म्हणावं? भूमिगत, अज्ञातवासी की आणखी काही?

पुढच्या महिन्यात आमच्या चित्रपटमंडळात ‘ला त्रिंचेरा इन्फिनिता’ हा २०१९ चा स्पॅनिश चित्रपट दाखवायचा आहे. प्रेक्षकांना आधी वाटायला चार पानी मराठी टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी पहिल्याच वाक्यात अडकले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. स्पेनमधली यादवी जुलै १९३६ मध्ये पेटली आणि १ एप्रिल १९३९ ला बंडखोर सैन्याचा सेनानी फ्रँको याच्या विजयाने संपली. संपली ती लढाई. त्याच वर्षी फेब्रुवारीत एक कायदा झाला होता, त्यानुसार ऑक्टोबर १९३४ पासूनच्या राजकीय वागणुकीबद्दल माणसाला शिक्षा करता येत होती. जे केलं तेव्हा गुन्हा नव्हतं, ते मागाहून गुन्हा ठरलं. हरलेल्या, म्हणजे प्रजासत्ताकाच्या बाजूचे लाखो लोक फ्रान्समध्ये गेले, काही बंदुका घेऊन डोंगरात राहिले. आणि काही जण आपल्याच घरात, भिंतीमागे, माळ्यावर, जमिनीखाली लपले. महिना-दोन महिने म्हणून लपले आणि वीस-तीस वर्षं तिथेच राहिले. अशा माणसाला स्पॅनिशमध्ये ‘तोपो’ म्हणतात. तोपो म्हणजे जमिनीत बिळं करून राहणारा, जवळजवळ आंधळा असा एक छोटा प्राणी.

चित्रपटातलं जोडपं कल्पित आहे, पण तशी माणसं खरोखर होती. मालागा प्रांतातल्या मिहास गावचा प्रजासत्ताकाच्या काळातला शेवटचा महापौर मानुएल कोर्तेस. धंद्याने न्हावी. १९३९ च्या वसंतात रात्रीचा घरी आला आणि एप्रिल १९६९ मध्ये बाहेर पडला. मधली तीस वर्षं त्याच्या बायकोने, हुलियानाने, अंडी विकून घर चालवलं. मुलगी याच काळात वाढली, तिचं लग्नही झालं.

मी आधी ‘भूमिगत’ लिहिलं होतं, मग खोडलं. ‘अज्ञातवास’ लिहिलं, तेही खोडलं. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद, सातारा:
खोडलंत ते बरं केलंत. आमच्याकडे भूमिगत म्हटलं की प्रतिसरकार डोळ्यांपुढे येतं. क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत होते म्हणजे गावोगाव फिरत होते, न्यायनिवाडे करत होते, सभा घेत होते. उषा मेहतांचं रेडिओ केंद्र भूमिगत होतं म्हणजे चालू होतं. आणीबाणीतले भूमिगतही पत्रकं काढत होते. या शब्दात काम आहे, चळवळ आहे, मागे उभे असलेले लोक आहेत. तुमच्या न्हाव्याच्या मागे कोण होतं? एक बायको. त्याला करायलाही काही उरलं नव्हतं. त्याला भूमिगत म्हटलंत तर वाचणारा प्रत्येक प्रसंगात पुढच्या हालचालीची वाट बघत बसेल.

भूमिगत हा शब्द डोंगरात गेलेल्यांसाठी राखून ठेवा.

प्रतिसाद, नागपूर:
प्राण्याचं नाव घेऊन भाषांतर होईल असं वाटत नाही. तो प्राणी आपल्याकडे दिसत नाही, म्हणून त्याला रोजच्या बोलण्यातला शब्दही नाही. चिचुंद्री वेगळी, घूस वेगळी. शिवाय घूस म्हटलं की पोखरणारी, नासधूस करणारी. माणसाला घूस म्हणणं ही शिवीच झाली.

प्रतिसाद, पुणे:
‘अज्ञातवास’ इतक्या लवकर सोडू नका, पण तो नेमका कुणाला लागू पडतो ते पाहा. पांडव विराटाच्या दरबारात लपून बसलेले नव्हते. सगळ्यांसमोर वावरत होते. युधिष्ठिर कंक झाला, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा, द्रौपदी सैरंध्री. चेहरा उघडा आणि नाव झाकलेलं. तुमच्या तोपोचं नाव साऱ्या गावाला ठाऊक आहे, झाकलेला आहे तो देह. शिवाय अज्ञातवासाला मुदत असते. एक वर्ष, मग सुटका. बारा वर्षांच्या वनवासाचाही शेवट माहीत असतो. यांना कुणी आकडाच सांगितलेला नव्हता.

मला वाटतं, त्या घरात अज्ञातवास कुणाचा असेल तर तो बायकोचा. बाजारात जायची, अंडी विकायची, शेजारणींशी बोलायची, आणि नवरा कुठे आहे ठाऊक नाही असं दाखवत जगायची. सैरंध्रीचं जिणं तिचं होतं.

मूळ लेखिका:
हे वाचून मी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. चित्रपट दोनदा पाहिला, पण बायकोकडे मी या बाजूने पाहिलंच नव्हतं. टिपणाची सुरुवात तिच्यापासून करते आता.

प्रतिसाद, पणजी:
‘परागंदा’ कुणी सुचवण्याआधीच सांगतो, तो या लोकांचा शब्द नाही. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला. घर-गाव सोडून दूर गेला तो परागंदा. फ्रान्समध्ये गेलेल्यांना तो अगदी शोभतो. पण स्पेनच्या नैर्ऋत्येकडच्या माणसाला जवळची सीमा पोर्तुगालची, आणि तिथे हुकूमशहा सालाझार. पलीकडे पोचलेल्या कित्येकांना त्याच्या पोलिसांनी परत फ्रँकोच्या लोकांच्या ताब्यात दिलं. हाच सालाझार १९६१ पर्यंत आमच्या गोव्यावरही राज्य करत होता, म्हणून हा तपशील मला विसरता येत नाही. परागंदा व्हायला वाट लागते. ती सगळ्यांना नव्हती.

प्रतिसाद, मुंबई:
‘फरार’? सुटसुटीत आहे.

प्रतिसाद, सातारा:
फरार हा पोलिसांच्या वहीतला शब्द. टिपणात तो फक्त शोध घेणाऱ्यांच्या तोंडी घाला, तिथे चालेल.

प्रतिसाद, कोल्हापूर:
मी व्याकरण शिकवायचे, त्या अंगाने सांगते. तुम्ही सगळे नाम शोधता आहात. मला वाटतं क्रियापदापासून निघावं. मराठीत दडणे आणि दडवणे अशी जोडी आहे, लपणे आणि लपवणे तशीच. ‘मानुएल तीस वर्षं दडून राहिला’ म्हटलं की कर्ता मानुएल. हे वाक्य मला खोटं वाटतं. तीस वर्षं कुणी आपलं आपण दडून राहू शकत नाही. जेवण कुणी दिलं? आजारी पडल्यावर औषध कुणाच्या नावावर आणलं? दोन माणसांचं धान्य शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून खरेदी कुणी वाटून केली? ‘हुलियानाने मानुएलला तीस वर्षं दडवलं.’ आता कर्ता जागेवर आला.

‘दडी मारणे’ मात्र टाळा. त्यात थोड्या दिवसांची सूट आहे. पाऊस दडी मारतो तो परत येणार हे धरूनच.

माझं मत ‘दडवलेला माणूस’, अनेकवचनी ‘दडवलेली माणसं’. शब्द साधा आहे, आणि दडवणारी व्यक्ती त्यात न सांगता येते. ‘लपवलेला’ही चालेल, पण लपवणे म्हटलं की फसवणुकीची छटा येते. दडवणं हे मोलाच्या वस्तूचं असतं. आजी पैसे दडवून ठेवायची, बी-बियाणं दडवून ठेवायची.

प्रतिसाद, नांदेड:
कोल्हापूरच्या बाईंशी पूर्ण सहमत, आणि त्यांच्या बियाण्याला जोडून एक शब्द देतो. लपण्याच्या जागेला स्पॅनिशमध्ये ‘सुलो’ म्हणतात ना? मूळ बास्क भाषेतला, भोक किंवा खड्डा या अर्थाचा. त्याला ‘तळघर’ म्हणू नका, तळघर ऐसपैस असतं. ‘भुयार’ही नको, भुयार कुठेतरी निघतं. आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत बळद असायचं. धान्य साठवायची भिंतीलगतची बंद जागा, वरून छोटं तोंड. आमच्या जुन्या घरात होतं, लहानपणी एकदा मी त्यात उतरलो होतो. दाण्यांचा ऊबट वास, काळोख, आणि बाहेरचं बोलणं इतकं स्पष्ट ऐकू यायचं की बोलणारा शेजारीच बसला आहे असं वाटावं. तुमच्या चित्रपटात तो माणूस आतून घरातलं सगळं ऐकतो, तेव्हा मला तेच बळद आठवलं. आजच्या मुलांना शब्द कळणार नाही, पण एका ओळीत समजावून वापरावा असा आहे.

मूळ लेखिका:
बळद घेतलं. आमच्या मंडळात अर्धे लोक साठीच्या पुढचे आहेत, त्यांना समजवायलाही लागणार नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. चित्रपटाचे भाग पाडताना दिग्दर्शकांनी पडद्यावर शब्दकोशातल्या नोंदी दाखवल्या आहेत: एक शब्द आणि त्याचे अर्थ. म्हणजे मी इथे जे विचारते आहे, ते चित्रपट स्वतःच विचारतो.

प्रतिसाद, औरंगाबाद (मी वकील आहे):
१९६९ बद्दल काय लिहिणार आहात? बहुतेक ठिकाणी ‘माफी मिळाली’ असं वाचायला मिळतं. ते चूक आहे. ३१ मार्च १९६९ च्या हुकुमाने १ एप्रिल १९३९ पूर्वीचे गुन्हे मुदतबाह्य ठरवले. माफी म्हणजे तुझा गुन्हा होता, आम्ही सोडून दिला. मुदतबाह्य म्हणजे गुन्हा होता, पण खटला चालवायची मुदत उलटली. दोन्हींत गुन्हा कायम राहतो, आणि दुसऱ्यात तर कुणी मोठं मनही दाखवलेलं नाही. सर्वमाफीचा कायदा आला तो ऑक्टोबर १९७७ मध्ये, फ्रँकोच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोन वर्षांनी. माद्रिदच्या वायव्येकडच्या सेर्सेदिया गावचा महापौर प्रोतासिओ मोंताल्वो १९७७ च्या उन्हाळ्यातच बाहेर आला, अडतीस वर्षांनी. १९६९ चा कागद त्याला पुरेसा वाटला नव्हता. कागदावरचा शब्द वाचून माणूस घराबाहेर पाऊल टाकतो किंवा टाकत नाही, म्हणून टिपणात ‘मुदतबाह्य’च लिहा.

प्रतिसाद, पुणे:
‘यादवी’ शब्द वापरलात ते छान. ‘गृहयुद्ध’ बातम्यांतून रुळलं आहे, पण यादवीत भाऊबंद एकमेकांना मारतात हे शब्दातच आहे. एक सावधगिरी मात्र हवी. प्रभासक्षेत्री यादव लढले ते दोन्हीकडचे संपले. स्पेनमध्ये एक बाजू जिंकली आणि १९७५ पर्यंत सत्तेवर राहिली. ‘यादवीनंतर’ असं नुसतं लिहिलंत तर सगळे दमून शांत झाले असं वाटेल. ‘यादवीत हरलेल्यांच्या’ असं लिहा.

मूळ लेखिका:
पटलं. आता शेवटची अडचण, आणि ही मला सगळ्यांत जास्त छळते आहे. चित्रपटात त्या जोडप्याला मूल होतं. नवरा गावाच्या लेखी घरात नाही, मग मूल कुणाचं? ते लोकांसमोर मुलाला ‘सोब्रीनो’ म्हणवतात आणि आई त्याची ‘तिया’ होते. स्पॅनिशमध्ये सोब्रीनो म्हणजे भाचाही आणि पुतण्याही. तिया म्हणजे मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या. मला एक निवडावी लागणार.

प्रतिसाद, पणजी:
पोर्तुगीजमध्येही ‘तिया’च, सगळ्यांना एकच.

प्रतिसाद, कोल्हापूर:
इथे मराठी तुम्हाला त्या बाईच्या जागी उभं करते आहे बघा. खोटं बोलायचं तर आपल्याला नातं नेमकं ठरवावं लागतं. आत्या म्हटलं तर तिचा भाऊ कुठे आहे? काकू म्हटलं तर नवऱ्याचा भाऊ आला, आणि नवऱ्याच्या घराकडे कुणाचंही लक्ष जाऊ नये ही तर सगळी धडपड. मामीचंही तेच, तिथे नवऱ्याची बहीण येते. मावशी घ्या. दूरच्या गावातली बहीण, तिचं मूल सांभाळायला आणलं, हे कुठल्याही गावात खपतं.

आणि आपल्याकडे म्हणच आहे: माय मरो पण मावशी जगो. आईची माया मावशीत असते एवढ्या अर्थाने आपण ती म्हणतो. या घरात ती अक्षरशः लागू होते. दाराबाहेर तिने आई म्हणून मरायचं आणि मावशी म्हणून जगायचं, दार लावलं की उलट.

मूळ लेखिका:
मावशीच. टिपणाची पहिली दोन वाक्यं आता अशी झाली आहेत, कुठे खटकलं तर सांगा:

‘स्पेनच्या यादवीत हरलेल्या बाजूची कित्येक माणसं त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं दडवून ठेवली, कुणाला भिंतीतल्या बळदात, कुणाला माळ्यावर. ही गोष्ट अशा एका दडवलेल्या माणसाची, आणि त्याहून जास्त त्याला दडवणाऱ्या बाईची आहे, जी गावात आपल्या मुलाची मावशी होती.’

प्रतिसाद, नांदेड:
‘माळ्यावर’ऐवजी ‘पोटमाळ्यावर’ करा. माळ्यावर माणसाला उभं राहता येतं.