धंदा मंद असताना फिरायला गेलात का? लिहा इथं

धागाकर्ता, सांगली
दुकानात दिवसभर पंखा फिरतोय, गिऱ्हाईक नाही. बायको म्हणते, "असंही रिकामं बसलाय, चार दिवस कुठंतरी जाऊ." मी म्हणतो, धंदा बसल्यावर कसलं फिरणं? तुमच्यापैकी कुणी गेलं असेल तर लिहा. 'मन ताजं होतं' वगैरे नको. काय पदरात पडलं आणि कुठं फसलात, ते सांगा.

कुपवाड, फाउंड्रीत कामाला
२०१९. ऑगस्टात महापूर, त्यात गाड्यांचा खप घसरलेला. आठवड्यातून दोन-दोन दिवस कारखाना बंद, ओव्हरटाइम गेला. पण एरवी हातापाया पडून मिळत नाहीत ते मंगळवार-बुधवार मोकळे झाले. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढला, चार दिवसांचा. आंबा घाट उतरून रत्नागिरी, तिथून गणपतीपुळे. शनिवारी दोन हजार सांगणाऱ्या लॉजवाल्यानं मंगळवारी नऊशेत खोली दिली. त्याच ऑक्टोबरात हॉटेलांचा जीएसटी उतरल्याचा मोठा गाजावाजा होता. आमची खोली हजाराच्या आतली, तिच्यावर आधीच शून्य!
लॉज रिकामा, मालकाला काम नाही. तो स्वतः आम्हाला मालगुंडला केशवसुतांचं घर दाखवायला घेऊन गेला. पोरगं तिथून परत येईपर्यंत प्रश्न विचारत होतं आणि तो उत्तरं देत होता. भर सीझनला त्यानं किल्ली हातात टेकवून पाठ फिरवली असती.

सातारा, तेव्हा आयटीत
सप्टेंबर २००८ ला अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली, आमचं प्रोजेक्ट संपलं, मी बेंचवर, म्हणजे पगार चालू पण काम नाही. फेब्रुवारीत केरळला गेलो. अलेप्पीला परदेशी पाहुणे रोडावलेले, हाउसबोटी धक्क्याला बांधून ठेवलेल्या. मागितल्याच्या जवळपास निम्म्यात बोट मिळाली. चूक एकच, सगळा खर्च क्रेडिट कार्डावर. एप्रिलमध्ये नोकरी गेली आणि बोटीत वाचवलेलं सगळं व्याजात गेलं, वर आणखी थोडं.

विटा
मी ॲडव्हान्स भरून बसलो होतो, मार्च २०२०. टूरवाल्यानं आधी 'पुढच्या वर्षी नेतो' म्हणून सांगितलं, मग ऑफिसलाच कुलूप. मंदीत अशी दुकानं आधी बुडतात. पूर्ण पैसे आधी भरू नका, एवढंच.

मिरज, निवृत्त शिक्षिका
मंदी आपल्याकडं नसून त्यांच्याकडं होती. जानेवारी २०२३, श्रीलंका. आधी आपल्या रुपयाला त्यांचे पावणेतीनच्या आसपास मिळायचे, आम्हाला साडेचारच्या घरात मिळाले. वाटलं, राणीसारखं राहू. पण तिथली महागाईही तशीच वाढलेली, त्यामुळं जेवणात फार काही वाचलं नाही. खोल्या आणि रेल्वेत मात्र वाचलं. कँडी ते एल्ला रेल्वेनं गेलो, चहाचे मळे बघत. घरमालकीण रोज सकाळी आज वीज कधी जाणार ते बघायची आणि त्यावर नाश्ता ठरवायची. तिच्याशी घासाघीस करायला माझी जीभ उचलली नाही.

बामणोलीकडचा, घरगुती मुक्काम चालवतो
मी पलीकडच्या बाजूनं लिहितो. कास फुललं की सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी गाड्यांची रांग. सोमवारी चूल पेटवायला कारण नसतं. पैसा आटला की आधी तुटतात ती मधल्या वारची माणसं. म्हणून त्या दिवसांत येणाऱ्याला मी आपणहून कमी करतो. वासोटा किल्ल्याकडं जाणाऱ्या बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, दोघांना ते फार पडतं. मग फोन करून दुसऱ्या घरातली माणसं जुळवून देतो.
पण एकानं खोलीचं घासून घेतल्यावर पिठलं-भाकरीचेही पन्नास कमी करायला लावले. भाकरी माझी आई थापत होती, तिच्यासमोर. केले कमी. त्याचा फोन नंतर कधी उचलला नाही.

कराड
हे सगळं पगारदारांचं. माझ्यावर टेम्पोचा हप्ता आहे, मी पोरांना पायी सदाशिवगडावर नेतो. डबा घरचा. तेही फिरणंच की.

धागाकर्ता
कराडकर, हप्ता मलाही आहे, म्हणून केरळ-बिरळ रद्द. एसटीचं बघितलं, बायकांना अर्धं तिकीट असतंच, मग तिच्यासाठी पास काढायचा की सुटं तिकीट, याचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर चाललाय.
बामणोलीवाले, मंगळवारी दोन माणसं. भाव तुम्ही सांगाल तो. पिठलं तिखट चालेल.