मदत हवी आहे : गॅस-विजेची कंपनी बदलू का? (कॉव्हेंट्री, भाड्याचं घर)

चिंचबन

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या ५ तारखेला आम्ही या दोन बेडरूमच्या भाड्याच्या घरात आलो. आधीच्या भाडेकरूची जी कंपनी होती तीच गॅस आणि विजेसाठी चालू ठेवली. दरमहा १४५ पौंड डायरेक्ट डेबिट ठरलं होतं. गेल्या आठवड्यात ईमेल आला की डिसेंबरपासून २३० पौंड कापू.

दिवाळीच्या आधी आई-बाबा पुण्याहून आले आहेत, मार्चपर्यंत इथेच आहेत. तो ईमेल मी बाबांसमोरच मोठ्याने वाचला आणि तिथेच चूक झाली. परवा ऑफिसातून लवकर आलो, तर दोघं हॉलमध्ये कानटोप्या घालून, गुडघ्यांवर सोलापुरी चादर घेऊन बसलेले. थर्मोस्टॅट १५ वर. आईची बोटं गार पडली होती. बाबा म्हणाले, "आम्हाला काही थंडी वाजत नाही रे." ७४ वर्षांच्या माणसाने माझ्या बिलासाठी थंडीत बसावं हे मला सहन होत नाहीये. म्हणून हा धागा.

माझी कंपनी स्टँडर्ड व्हेरिएबल दर लावते, म्हणजे ऑफजेमच्या (इथली वीज-गॅस नियामक संस्था) कॅपचा, त्यांनी ठरवलेल्या कमाल मर्यादेचा. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ साठी सरासरी दर वीज २६.३५ पेन्स युनिट आणि रोजचा स्टँडिंग चार्ज ५३.६८ पेन्स, गॅस ६.२९ पेन्स आणि रोजचे ३४.०३ पेन्स. माझे साधारण तेवढेच आहेत. दुसऱ्या एका कंपनीचा एक वर्षाचा फिक्स, म्हणजे वर्षभर न बदलणारा दर, मिळतोय : वीज २४.५ पेन्स, रोजचे ५२, गॅस ५.७ पेन्स, रोजचे ३१. मध्येच सोडलं तर प्रत्येक इंधनामागे ५० पौंड एक्झिट फी.

बिलावर वर्षाचा अंदाजे वापर वीज ३,१०० युनिट आणि गॅस २५,८०० युनिट लिहिलाय. त्या हिशेबाने वर्षाला सुमारे २२७ पौंड वाचतात. घ्यावं का? आणि एक कळत नाही. या तीन महिन्यांची कॅप तर वर्षाला १,७५५ पौंड आहे म्हणतात, मग महिन्याला २३० म्हणजे वर्षाला २,७६० कसे घेऊ शकतात?

बाबांचाही प्रश्न आहे. ते बोर्डात होते, महावितरण व्हायच्या आधीपासून. पुण्यात वीज म्हणजे एकच कंपनी आणि सिलिंडर तीस वर्षं एकाच एजन्सीचा. त्यांना वाटतं कंपनी बदलताना ऐन थंडीत गॅस तोडतील. लीड्समधल्या चुलतभावाने तर कधी बदललेलीच नाही, त्यामुळे विचारायला कोणी नाही.

सह्यकडा

आधी बाबांना सांगा, काहीही तोडत नाहीत. पाइप तोच, तारा त्याच, मीटर तोच. फक्त बिल पाठवणारा बदलतो. घरी कोणी येत नाही, खणत नाही. साधारण पाच कामाच्या दिवसांत होतं, आणि करार केल्यापासून १४ दिवसांत मन बदललं तर रद्द करता येतं. बिल तुमच्या नावावर असेल तर भाडेकरू असूनही कंपनी निवडायचा हक्क तुमचाच. घरमालकाला कळवून ठेवा, एवढंच.

कॅपबद्दल बऱ्याच जणांची हीच गल्लत होते. कॅप एकूण बिलावर नसते, युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर असते. १,७५५ हा आकडा वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या घराचा. जास्त वापराल तर जास्त भराल.

पण मला तुमचा गॅसचा आकडाच पटत नाहीये. दोन बेडरूमला २५,८००? आमचं तीन बेडरूमचं जुनं घर आहे, खिडक्यांतून वारा येतो, तरी आम्ही तिथवर जात नाही. ५ सप्टेंबरपासून बिलात गॅस किती युनिट दाखवलाय? आणि मीटरवर m³ (घनमीटर) लिहिलंय की ft³ (घनफूट), ते जाऊन बघा. कंपनी बदलायची घाई करू नका.

चिंचबन

बिलात ३,८१० युनिट गॅस आहे. मीटर जिन्याखाली आहे, आत्ता बघायला गेलो तर बाबा मागे टॉर्च घेऊन उभे. मीटरवर पाच काळे आकडे आणि m³. घरात शिरलो त्या दिवशीच्या फोटोत ४१२७, आज ४२४७.

मंडळी, बाबांनी आल्या दिवसापासून छोट्या डायरीत रोज सकाळी साडेसातचं रीडिंग लिहिलंय, गॅस एका बाजूला, वीज दुसऱ्या बाजूला. मला माहीतच नव्हतं. गॅस रोज दोन-सव्वादोन घनमीटर. ते म्हणतात, "स्टँडिंग चार्ज म्हणजे आपला स्थिर आकार, ते समजलं. पण एवढे गॅसचे युनिट होतात कसे, तेच मला जमवता येत नव्हतं. तू कामात होतास, म्हणून बोललो नाही."

सह्यकडा

सापडलं! फरक १२० घनमीटर. त्याचे युनिट असे काढतात : १२० × १.०२२६४ (ठरलेला गुणक) × उष्मांक (गॅसमधली उष्णता; बिलावर असतो, ३९.५ च्या आसपास) ÷ ३.६. साधारण १,३४६ येतात. तुम्हाला लावलेत ३,८१०. भागून बघा, २.८३. जुने इंपिरियल मीटर शंभर घनफुटांत मोजतात, आणि शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. तुमचा मीटर मेट्रिक आहे आणि कंपनीच्या नोंदीत तो इंपिरियल म्हणून चढलाय. बिलात हिशेबाच्या रकान्यात २.८३ दिसतंय का बघा. दहा आठवड्यांत दीडशे पौंडांच्या वर जास्त लावलेत.

हे दुरुस्त व्हायच्या आधी कंपनी बदललीत तर मीटरची चुकीची नोंद नव्या कंपनीकडेही जाते, आणि मग दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. माझ्या मित्राचे त्यात पाच महिने गेले.

मीटरचा असा फोटो काढा की आकडे, m³ आणि मीटरचा क्रमांक एकाच चित्रात येतील. लेखी तक्रार करा, मजकुरात 'तक्रार' हा शब्द ठेवा. आठ आठवड्यांत सुटलं नाही तर एनर्जी ओंबड्समनकडे (अशा तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं, फुकट असतं. वाढीव डायरेक्ट डेबिटचं स्पष्टीकरण मागायचाही तुम्हाला हक्क आहे.

माई_मिल्टनकीन्स

सगळा हिशेब पुन्हा मांडा. २५,८०० ला २.८३ ने भागलं तर ९,१०० येतात. कॅपच्या दराने वर्षाचे साधारण १,७०९ पौंड, म्हणजे महिन्याला १४२. तुमचे पहिले १४५ बरोबरच होते! फिक्सवर होतात १,५८१. बचत २२७ नाही, १२८ च्या आसपास. आई-बाबा दिवसभर घरात आहेत तर गॅस थोडा जास्त धरा. तरी फिक्स वाईट नाही, फक्त वर्षाच्या आत घर सोडणार असाल तर शंभर पौंडांच्या एक्झिट फीचं आधी विचारून घ्या. फिक्सच्या शेवटच्या ४९ दिवसांत ती फी लागत नाही.

आणि थर्मोस्टॅट १५ वर अजिबात नको. वयस्कर माणसांसाठी किमान १८ सांगतात, मी तर २० वर ठेवते. वाचवायचंच असेल तर बॉयलरची सेटिंग बदला. कॉम्बी असेल, गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ६० वर आणा. खोली तेवढीच उबदार राहते, फक्त जरा सावकाश तापते. आईंना सांगा, रेडिएटरवर ओले टॉवेल वाळत घालू नका. माझ्या सासूबाई घालायच्या, भिंतीला बुरशी आली.

चिंचबन

दोघांचे मनापासून आभार. बिलाच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात २.८३ आहे, मी ते पान कधी उघडलंच नव्हतं. फोटो आणि बाबांच्या डायरीची पानं जोडून काल रात्री तक्रार पाठवली. आज उत्तर आलं, मीटरची नोंद तपासतोय म्हणाले, आणि २३० ची वाढ तोवर थांबवली आहे.

नोंद दुरुस्त झाल्याचं लेखी आलं की फिक्स घेतो. बदलायच्या दिवशी सकाळी दोन्ही मीटरचं रीडिंग घ्यायचं काम बाबांनी मागून घेतलंय. १,३४६ चा हिशेब त्यांनी स्वतः डायरीत करून पाहिला, मग उठून थर्मोस्टॅट २० वर केला. आईने कानटोपी काढली आहे.

एकच राहिलं. तक्रार चालू असताना जुन्या बिलातली वादातली रक्कम भरायची की थांबवायची? थकबाकी दिसली तर स्विच अडवतात असं ऐकलंय. कोणाला अनुभव असेल तर सांगा.