जुळे सोलापूर, सोसायटी ग्रुप: परदेशी जाताना कार्डं आणि पैसे

ए-४०२ दादा: नमस्कार. आई-बाबा दहा दिवसांनी टूरबरोबर लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंडला निघालेत. पेन्शन खात्याचं डेबिट कार्ड, बाबांचं क्रेडिट कार्ड आणि आईचं सहकारी बँकेचं रुपे कार्ड आहे. काय न्यावं, काय घरी ठेवावं? बी-२०४ काका आणि सी-१०३ ताई, जरा सांगा की.

बी-२०४ काका (निवृत्त बँक अधिकारी): पेन्शनचं डेबिट कार्ड घरीच राहू दे. क्रेडिट कार्डावर चोरी झाली तर वाद बँकेच्या पैशावर चालतो, डेबिटवर झाली तर आपलेच पैसे अडकतात. आणि ज्या खात्यात आयुष्यभराची शिल्लक आहे, त्याची किल्ली खिशात घालून फिरू नये. नेणं भागच असेल तर वेगळ्या बचत खात्यात ४०-५० हजार ठेवून त्याचं कार्ड न्या.

आईंच्या रुपे कार्डाचं आधी बँकेत विचारा. बरीच साधी रुपे कार्डं फक्त देशात चालतात. परदेशात ‘रुपे ग्लोबल’ लागतं.

ए-४०२ दादा: बाबांचं क्रेडिट कार्ड इथे दुकानात चालतं. तिथे आपोआप चालेल ना?

बी-२०४ काका: नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालू असतं. परदेशी व्यवहार, ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं, हे तिन्ही आपण चालू करायचं. बँकेच्या ॲपमध्ये ‘कार्ड कंट्रोल’ किंवा ‘मॅनेज कार्ड’मध्ये जा. एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टॅप यांची बटणं वेगवेगळी असतात, आणि देशातलं वेगळं, परदेशातलं वेगळं. लोक एक बटण दाबतात, मग लंडनच्या ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, दारात टॅप चालत नाही.

ॲपमध्ये मर्यादा अशा ठेवा. परदेशी दुकान: दिवसाला ५० हजार. परदेशी एटीएम: २० हजार. परदेशी ऑनलाइन: बंद. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. अनेक परदेशी साइटवर ओटीपी विचारतच नाहीत. नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की पैसे गेले. तिकीट काढायचं असेल तेवढ्या पाच मिनिटांपुरतं चालू करा, झालं की बंद. हे सगळं सोलापुरात असतानाच करा. तिथे गेल्यावर सिम चालेना आणि ओटीपी येईना झालं तर काहीच हलत नाही.

सी-१०३ ताई (फॉरेक्स काउंटरवर काम): काकांचं बरोबर. खर्चासाठी मुख्य म्हणून फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड घ्या. त्यात भरले तेवढेच पैसे धोक्यात, खात्याशी संबंध नाही. पण टूरवाले म्हणतात म्हणून सगळे युरो भरू नका. लंडनला पाउंड, पॅरिसला युरो, स्वित्झर्लंडला फ्रँक लागतात. फ्रँक नसताना तिथे कार्ड दिलं की ते युरोतून फिरवून पैसे कापतं आणि वर क्रॉस-करन्सी शुल्क लागतं. तिन्ही चलनं वेगळी भरा. पिनच्या पाकिटासकट कार्ड घेऊन फिरू नका, पाकीट घरीच ठेवा.

रोख थोडीच, दोघांत मिळून १०० पाउंड आणि २०० युरो पुरे. बहुतेक देशांसाठी नियमाने एका प्रवाशाला ३,००० डॉलरपर्यंतची परकीय रोख नेता येते, पण परवानगी आहे म्हणून नेऊ नका. गेलेली रोख परत येत नाही.

डी-३०१ वहिनी: ताई, मशीनवर ‘रुपयांत की पाउंडांत’ विचारतात, तेव्हा रुपये निवडलेले बरे ना? आकडा कळतो.

सी-१०३ ताई: वहिनी, तिथेच फसगत होते. रुपये निवडले की भाव दुकानदाराचं मशीन लावतं आणि तो बँकेच्या भावापेक्षा बराच वाईट असतो. वर काही बँका परदेशातल्या रुपयाच्या व्यवहारावर वेगळं शुल्कही घेतात. नेहमी त्या देशाचं चलन निवडा. हिशेब बघा: क्रेडिट कार्डाचं परदेशी चलनाचं शुल्क ३.५ टक्के धरलं तर १ लाखावर ३,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०, म्हणजे ४,१३० रुपये. रुपये निवडून बहुधा याच्याहून जास्त जातात. मशीन माणसाच्या हातात असेल तर तोच बटण दाबून टाकतो. ‘लोकल करन्सी’ असं म्हणा आणि पावतीवर पाउंडाचा आकडा बघूनच पिन टाका.

ए-४०२ दादा: ओटीपीचं काय करायचं? आईला तिकडचं सिम घ्यायचंय.

बी-५०१ दादा (मोबाइल दुकान, सात रस्ता): इथलं सिम काढू नका, म्हणजे नाहीच. बँकेचं ॲप आणि यूपीआय सिमशी बांधलेलं असतं. सिम काढलं की ॲप बाहेर फेकतं आणि पुन्हा नोंदणीसाठी फोनमधून एसएमएस जावा लागतो. रोमिंगवर तो पुष्कळदा जात नाही. म्हणून भारतीय सिम पहिल्या खाचेत, रोमिंग चालू, डेटा रोमिंग बंद. नेटसाठी ई-सिम (खाचेत न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) किंवा दुसऱ्या खाचेत तिकडचं सिम. आता निघेपर्यंत फोन बदलू नका, रीसेट करू नका.

ई-मेल पत्ताही बँकेत अद्ययावत करा. एसएमएस उशिरा आला तरी मेल वायफायवर येतो. मात्र हॉटेलच्या वायफायवर बँकेचं ॲप उघडू नका, मोबाइल डेटा वापरा.

डी-३०१ वहिनी: यूपीआय तिकडे चालतं म्हणतात?

बी-५०१ दादा: ठराविक ठिकाणी. सिंगापूर, यूएई, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान इथे ठराविक दुकानांत, आणि फ्रान्समध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी २०२४ पासून. त्यालाही ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय चालू करावं लागतं. सगळ्या युरोपाचा भरवसा धरू नका.

बी-२०४ काका: खिसेकापूंचं. पॅरिसची मेट्रो आणि आयफेल टॉवरची गर्दी यासाठी बदनाम आहे. म्हणून वाटणी अशी करा: बाबांच्या कपड्याआतल्या कमरपट्ट्यात क्रेडिट कार्ड, आईंच्या पर्समध्ये फॉरेक्स कार्ड आणि दिवसाची रोख, उरलेली रोख हॉटेलच्या तिजोरीत. एकच पाकीट गेलं म्हणून दोघं अडकता कामा नयेत. ॲड-ऑन कार्डावर, म्हणजे बाबांच्याच कार्डावर आईंना मिळणाऱ्या जोडकार्डावर, भिस्त ठेवू नका, त्याची मर्यादा मूळ कार्डाचीच असते. ही वाटणी मुंबईच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसण्याआधीच करा. रात्रीच्या डब्यात हातातली पर्स उशाला ठेवून झोपतात, धोका तिथूनच सुरू होतो.

कार्ड दुरून वाचता येऊ नये म्हणून विकतात ती किरणं अडवणारी महागडी पाकिटं घेऊ नका. चोर पाकीटच उचलतो.

एटीएम बँकेच्या शाखेच्या आतलं निवडा. कार्डाची खाच हलवून बघा, सैल असेल तर दुसरीकडे जा. पिन टाकताना दुसऱ्या हाताने झाका. कार्ड अडकलं आणि शेजारचा मदतीला आला, पिन पुन्हा टाका म्हणाला, तर टाकू नका. जागेवर उभं राहूनच ॲपमधून कार्ड बंद करा. साध्या वेशातला ‘पोलीस’ पाकीट तपासायला मागतो तेही लक्षात ठेवा. खरा पोलीस कधीच पिन विचारत नाही.

सी-१०३ ताई: हॉटेलवाले डिपॉझिट म्हणून रक्कम अडवून ठेवतात. त्याला क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स किंवा डेबिट दिलं तर खरेच पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात. टूर संपते आणि पैसे अडकलेलेच.

ए-४०२ दादा: आणि कार्ड हरवलंच तर?

बी-२०४ काका: क्रम असा. पहिलं, ॲपमधून ब्लॉक. दुसरं, बँकेला फोन. १८०० चे नंबर बाहेरून बहुधा लागत नाहीत, म्हणून बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर दोघांच्या फोनमध्ये आणि एका कागदावर लिहून ठेवा. तिसरं, तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. चौथं, तिथल्या पोलिसांचा लेखी दाखला, विम्याला तो लागतो.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना आपली असेल आणि बँकेकडून कळल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर मर्यादित बोजा, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. पण पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. म्हणून मेसेज आला की लगेच बघायचा, सकाळी बघू म्हणायचं नाही.

आणि कृपा करून कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो टूरच्या ग्रुपवर टाकू नका. कोणी मागितले तरी नाही. मागचे तीन आकडे पाठ करून त्यावर कागदी पट्टी लावा.

ए-४०२ दादा: पाठ करून घेतो दोघांकडून. परत आल्यावर काही करावं लागतं?

सी-१०३ ताई: हो. त्याच दिवशी परदेशी बटणं बंद. पुढची दोन महिन्यांची स्टेटमेंट ओळीओळीने वाचा, हॉटेलचे राहिलेले पैसे उशिरा लागतात. २,००० डॉलरपर्यंतची परकीय रक्कम जवळ ठेवता येते, त्यावरची १८० दिवसांत विकावी लागते. फॉरेक्स कार्डातले उरलेले पैसे काढून घ्यायला आमच्या काउंटरवर पासपोर्ट आणि कार्ड घेऊन या, बाबांचं कार्ड असेल तर बाबांनाच यावं लागेल.