शब्दचर्चा: ‘बेघर’ नेमकं कुणाला म्हणायचं? (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या बेघर कुटुंबांवर लेख लिहायला घेतलाय आणि ‘बेघर’ याच शब्दावर अडले आहे. तुम्हा सगळ्यांची मदत हवी.

मी बॉस्टनजवळ राहते. इथल्या एका सरकारी शाळेच्या ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस मदतीला जाते. ऑगस्टअखेरीस नाव घालायला येणाऱ्या पालकांना एक फॉर्म भरावा लागतो. ‘तुम्ही होमलेस आहात का’ असं त्यात विचारत नाहीत. मूल सध्या रात्री कुठे झोपतं, एवढंच विचारतात. पुढे चौकटी असतात: शेल्टरमध्ये, मोटेलमध्ये, गाडीत किंवा उघड्यावर, आणि शेवटची म्हणजे घर गेल्यामुळे किंवा परवडत नसल्यामुळे दुसऱ्या कुणाच्या घरी. यांपैकी कुठेही खूण झाली की मॅकिनी-व्हेंटो या केंद्राच्या कायद्याने ते मूल ‘होमलेस’ ठरतं. कायदा मूळचा १९८७चा, पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या. रात्री राहायला ठरलेली, नेहमीची आणि पुरेशी जागा नसणं, अशी त्याची कसोटी आहे.

गेल्या वर्षी एक आई आली होती, बरोबर दोन मुलं. तिने शेवटच्या चौकटीत खूण केली. ऑफिसातल्या बाईंनी चांगल्या मनाने सांगितलं, “म्हणजे होमलेस मुलांच्या सवलती तुम्हाला मिळतील.” तिने फॉर्म परत ओढला आणि खूण खोडली. म्हणाली, “आम्ही होमलेस नाही. बहिणीकडे राहतो.” धाकट्याच्या दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले बूट होते. मावशीच्या दाराशी बूट ठेवायला जागा नाही म्हणून तो ते दप्तरातच ठेवायचा.

ती खूण खोडल्याबरोबर जुन्याच शाळेत राहायचा हक्क, तिथवर न्यायची बस आणि कागदपत्रं नसली तरी लगेच प्रवेश, सगळं जाणार होतं. एका शब्दापायी. म्हणून मराठीत कुठला शब्द वापरावा याची मला खरोखरच काळजी आहे. ‘बेघर’ लिहिलं की वाचणाऱ्याला फुटपाथवर पथारी टाकलेला एकटा माणूस दिसणार. मला जे सांगायचंय ते तो नाही.

वाटसरू

मनात आलेले शब्द एकेक करून तपासले. ‘निर्वासित’ म्हटलं की फाळणी आणि उल्हासनगर. ‘विस्थापित’ म्हटलं की धरण, कोयना आणि नर्मदा. ‘परागंदा’मध्ये जीव वाचवून किंवा तोंड लपवून पळालेला माणूस येतो. ‘निराधार’ आपल्याकडे सरकारी योजनेला चिकटलाय, त्यात विधवा आणि वृद्ध येतात, नोकरी करणारी बाई येत नाही. ‘अनिकेत’ गीतेतला, बाराव्या अध्यायातला. पण तिथलं घर नसणं मनाने स्वीकारलेलं आहे. या आईला तो शब्द लावणं अन्याय होईल.

तळटीप

‘बेघर’मधला ‘बे’ फारसी आणि ‘घर’ आपलं. बेवारस, बेकार, बेदखल यांच्या रांगेतला शब्द. या रांगेतले बरेच शब्द माणसावर शिक्का मारतात, त्यामुळे त्या आईने हात का मागे घेतला ते कळतं. इंग्रजीतही हल्ली ‘होमलेस’ टाळून ‘अनहाउस्ड’ लिहिणारे खूप आहेत.

पण अडचण फक्त शिक्क्याची नाही, व्याप्तीचीही आहे. खुद्द अमेरिकेच्या सरकारात या शब्दाचे दोन अर्थ चालतात. घरबांधणी खातं, म्हणजे हड, जानेवारीअखेरच्या एका रात्री शेल्टरमध्ये आणि उघड्यावर असलेली माणसं मोजतं. २०२४ला ती ७,७१,४८० भरली, तोवरचा सर्वांत मोठा आकडा. त्यात मुलंबाळं असलेल्या कुटुंबांतली माणसं सुमारे २ लाख ५९ हजार, एका वर्षात ३९ टक्के वाढ. बहिणीच्या सोफ्यावर झोपणारी आई या मोजणीत नाही. शिक्षण खात्याचा अर्थ मोठा. २०२२-२३च्या शालेय वर्षात त्यांच्याकडे जवळपास १४ लाख विद्यार्थी नोंदले गेले, आणि त्यांतले साधारण तीन-चतुर्थांश दुसऱ्यांच्या घरी राहणारे होते. एक आकडा एका रात्रीचा, दुसरा वर्षभराचा, तेव्हा वजाबाकी करू नये. तरी शब्दाची कड जरा इकडेतिकडे झाली तर किती लेकरं बाहेर राहतात, एवढं दिसतं.

आपल्याकडे जनगणनेतलं बेघर कुटुंब म्हणजे रस्त्याकडेला, पुलाखाली, मोठ्या पाइपात राहणारं. हडच्या अर्थाहूनही अरुंद.

कोनाडा

आमच्याकडे, सातारच्या बाजूला, ‘वळचण’ म्हणतात. कौलारू घराच्या छपराची खालची कड, जिथून पागोळ्या गळतात. पाऊस आला की वाटेवरचा माणूस वळचणीला उभा राहतो. डोक्यावर छप्पर असतं, पण ते दुसऱ्याचं, आणि पाय भिजतच असतात. उंबरठाताई, तुमच्या त्या आईचं राहणं मला अगदी तसं वाटतं. ‘वळचणीला राहणारी कुटुंबं’ म्हणा.

वाटसरू

सुंदर शब्द, पण पेपरवाल्यांनी तो ‘सत्तेच्या वळचणीला’ करून खराब केलाय. शहरातल्या वाचकाला आता त्यात लाचारीच ऐकू येते. मला दुसरं एक सुचतं. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. ही कुटुंबंही आज बहिणीकडे, महिन्याने मैत्रिणीकडे, मग आईकडे, अशीच फिरत असणार ना?

उंबरठा

हो, अगदी तशीच फिरतात. पण वारावर जेऊ घालणाऱ्याला पुण्य मिळायचं. इथे ठेवून घेणाऱ्यालाच धोका असतो. बऱ्याच भाडेकरारांत पाहुणा किती दिवस राहू शकतो त्याची मर्यादा लिहिलेली असते. ती ओलांडली तर बहिणीचंही घर जायची भीती. म्हणून मुलांना सांगून ठेवतात, दार उघडायचं नाही, जिन्यात पळायचं नाही, घरमालकाने विचारलं तर आजच आलो म्हणायचं. सात वर्षांचं पोर शाळेतही दबक्या आवाजात बोलतं, ते या सवयीने. अभ्यासाला जागा नाही, झोप अर्धवट, शाळा बदलत राहते, गैरहजेरी वाढते, वाचनात मूल मागे पडतं आणि शेवटी त्यालाच ‘लक्ष नसतं’ असा शेरा मिळतो.

घर जातं कसं, तेही सांगते, कारण शब्द निवडताना ते डोळ्यांपुढे हवं. ही आई हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते. काम सुटलेलं नाही. भाडं वाढलं, मग थोरल्याच्या दम्यापायी तिचे पगाराचे दिवस बुडाले आणि दोन महिने भाडं थकलं. घरमालक कोर्टात गेला. एकदा कोर्टात नाव लागलं की पुढचा प्रत्येक घरमालक ते उघडून बघतो. नवं घर घ्यायचं तर आमच्या राज्यात पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं आणि वर अनामत, सगळं एकदम टेबलावर ठेवावं लागतं. पगार असून घर नाही, ते असं.

ही तिची एकटीची चूक नाही. भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसावं असा इथला सरकारी हिशेब आहे. त्या हिशेबाने २०२४मध्ये दोन बेडरूमचं साधं घर भाड्याने घ्यायला देशाच्या सरासरीने तासाला ३२ डॉलरच्या वर कमाई लागत होती. केंद्राचं किमान वेतन २००९पासून ७.२५ डॉलरवर थांबलंय. भाड्यासाठी सरकारी मदत आहे, पण ती पात्र असलेल्या साधारण चारांतल्या एकाच कुटुंबापर्यंत पोचते. बाकीचे वर्षानुवर्षं यादीत. कित्येक बायका तर मार खाऊन मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या असतात. त्यांचं घर असतं, पण तिथे परत जाता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला अजून सहन होत नाही. आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८३पासून कुटुंबांना निवाऱ्याचा हक्क देणारा कायदा आहे. देशात फार थोड्या ठिकाणी असं आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटायचा. पण २०१२नंतर काही वर्षं नियम असा होता की काही कुटुंबांना निवारा मिळवण्यासाठी आधी माणसाने राहू नये अशा जागी रात्र काढावी लागायची. म्हणजे बहिणीकडे होतात तर तुम्ही ‘बेघर’ नाही. गाडीत किंवा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मुलांना घेऊन एक रात्र झोपा, मग व्हाल. व्याख्येत बसण्यासाठी आया लेकरांना घेऊन तसं झोपल्या आहेत. पुढे तो नियम सैल झाला. २०२३च्या शरदात निवाऱ्यातल्या कुटुंबांची संख्या साडेसात हजारांवर गोठवली आणि बाकीच्यांची प्रतीक्षायादी सुरू झाली.

कोनाडा

‘व्याख्येत बसण्यासाठी झोपल्या’ हे वाक्य लेखात तसंच ठेवा. वळचण मी मागे घेतो.

पाटपाणी

मी वीस वर्षं वर्तमानपत्रात बातम्या तपासल्या, त्या अनुभवावरून सांगतो. ‘बेघर’ टाकू नका, त्याला क्रियापद जोडा. ‘आगीत पन्नास कुटुंबं बेघर झाली’ अशी बातमी आपण कितीदा वाचतो. ती कुटुंबं त्या रात्री कुठे असतात? शाळेच्या वर्गात, देवळात, भावाकडे, चुलत्याकडे. तरी ‘भावाकडे गेले, मग बेघर कसले’ असं कुणी म्हणत नाही. ‘बेघर आहे’ म्हटलं की माणसाची जात ठरवल्यासारखं वाटतं आणि फुटपाथ दिसतो. ‘बेघर झाले’ म्हटलं की काहीतरी घडलं, कुणीतरी केलं किंवा कशामुळे तरी झालं, हे आपोआप येतं, आणि वाचणारा लगेच विचारतो, कशामुळे? तुम्हाला हवी असलेली सगळी व्याप्ती मराठीत आधीच आहे, पण ती ‘होणे’त आहे.

तळटीप

मान्य. आणि ‘बिऱ्हाड’ विसरू नका. बिऱ्हाड म्हणजे नुसतं छप्पर नाही, चूल, भांडी, अंथरुणं आणि माणसं मिळून मांडलेला संसार. बिऱ्हाड थाटतात, हलवतात, मोडतात. त्या आईच्या डोक्यावर छप्पर आहे, पण तिचं बिऱ्हाड मोडलंय. फरक इतका नेमका सांगणारा शब्द मला इंग्रजीत आठवत नाही.

उंबरठा

पाटपाणी, तळटीप, तुमचे मनापासून आभार. काल रात्री पहिला परिच्छेद पुन्हा लिहिला. मथळ्यात आता ‘बेघर झालेली कुटुंबं’ आहे. त्या आईपुरतं असं केलंय: ‘बिऱ्हाड मोडून बहिणीच्या बिऱ्हाडात राहायला आलेली.’

पुढे काय झालं तेही सांगते, वाटसरूंनी खासगी निरोपात विचारलं होतं. ऑफिसातल्या बाईंनी तो शब्द परत उच्चारला नाही. कोरा फॉर्म काढला, तिच्यासमोर ठेवला आणि फक्त प्रश्न वाचला: मुलं रात्री कुठे झोपतात? ती म्हणाली, “बहिणीच्या हॉलमध्ये.” बाईंनी चौकट दाखवली, तिने खूण केली. बस दहाव्या दिवशी सुरू झाली.