ग्राइंड हे नुसतं मार्केटिंग नाही

गोल्फचा वेज (जवळचे, उंच फटके मारायची काठी) घेताना फक्त बाउन्सचा, म्हणजे तळापेक्षा पुढची कड किती अंश वर आहे त्याचा, आकडा बघा; ग्राइंड, म्हणजे तळ घासून दिलेला आकार, हे नुसतं मार्केटिंग, असं काहीजण म्हणतात. अर्धं पटतं. सरळ फेसनं (चेंडूला लागणाऱ्या बाजूनं) फुल शॉट मारणाऱ्याला आकडा पुरतो. पण फेस उघडला, म्हणजे आभाळाकडं वळवला, की आकड्याचा हिशेब बदलतो. वेज उघडला की तळाची मागची कड खाली येते, लीडिंग एज (पुढची कड) वर उचलली जाते, म्हणजे १० अंश बाउन्सचा वेज जमिनीवर जास्त बाउन्सचा असल्यासारखा वागतो. ग्राइंड इथंच कामाला येतो. व्होकी या वेजच्या ब्रँडच्या एम ग्राइंडमध्ये टाच (दांड्याकडची बाजू), टो (टोकाकडची बाजू) आणि मागची कड घासून कमी केलेली असते, त्यामुळं उघडूनही एज जमिनीलगत राहते. एफ ग्राइंडचा तळ भरलेला, तो उघडला की एज चांगलीच वर येते. खात्री करायची तर दोन्ही वेज घरातल्या लादीवर ठेवा, फेस उघडा आणि एजखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. दुकानदाराच्या भाषणापेक्षा हे बरं.

आपल्या कोल्हापुरात तर पेच वेगळाच. पावसाळ्यात गवताखालची जमीन लिबलिबीत, तिथं जास्त बाउन्स हवा; पण त्याच दिवशी बंकरमधली (वाळूच्या खड्ड्यातली) भिजलेली वाळू घट्ट बसलेली असते, तिथं जास्त बाउन्सचा वेज आपटून उडतो आणि चेंडू थेट ग्रीनपलीकडं (भोकाभोवतीच्या हिरवळीपलीकडं). एप्रिल-मेमध्ये जमीन कडक झाली की गवतावरही तेच. म्हणून सँड वेज (वाळूतून मारायचा) भरल्या तळाचा आणि लॉब वेज (चेंडू उंच उडवायचा) टाच घासलेला, कमी बाउन्सचा, अशी जोडी मला सोयीची वाटते. दोन्ही एकाच ग्राइंडचे घेण्यात काय हशील?