डी-बस प्रॉपर्टी: टाइप बरोबर, पॉलिसी बरोबर, तरी 'सेट' नाकारलं जातंय

पंपघर (प्रश्न)

लिनक्स बोर्डावर सी भाषेत, एसडी-बस (सिस्टिमडीची डी-बस लायब्ररी; डी-बस म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांना मेसेज पाठवायची सोय) वापरून सिस्टिम बसवर एक सर्व्हिस चालते, रूटखाली. एकाच ऑब्जेक्टवर चार प्रॉपर्टी आहेत: स्पीड (टाइप 'क्यू', म्हणजे अनसाइन्ड १६ बिट), इनेबल्ड ('बी', बुलियन), कॅलिब्रेशन ('डी', दशांश संख्या) आणि सीरियल ('एस', स्ट्रिंग). सीरियल फक्त वाचायची, बाकीच्या रीड-राइट.

डीबस-पायथनमधून (पायथनची डी-बस लायब्ररी) स्पीडला १२०० दिलं की इनव्हॅलिड-आर्ग्ज एरर येते: 'क्यू' हवं होतं, 'आय' मिळालं. बसकटीएल कमांडने टाइप लिहून पाठवलं तर सूडोसकट चालतं, साध्या यूजरला अ‍ॅक्सेस-डिनाइड. पॉलिसी फाइलीत (कोणी कोणाला मेसेज पाठवावा याचे बसचे नियम) 'ऑपरेटर' ग्रुपला या सर्व्हिसकडे काहीही पाठवायची मुभा दिलेली आहे. तिसरं म्हणजे, इनेबल्ड फॉल्स असतानाही कधीकधी ट्रू वाचलं जातं. तिला गेटर-सेटर (व्हॅल्यू वाचणारं आणि लिहिणारं फंक्शन) लिहिलेले नाहीत, स्ट्रक्टमधला ऑफसेट दिलाय. तिथे सी-मधलं बूल आहे आणि लगेच पुढे अलार्मचे तीन एक-बाइटी फ्लॅग.

ऑपरेटरला स्पीड बदलता यावा, कॅलिब्रेशन बदलता येऊ नये. हे पॉलिसी फाइलीत कसं लिहायचं?

व्हेरिएंट_१६

आधी टाइपचं. 'सेट' मेथडची सिग्नेचर सगळ्या प्रॉपर्टींसाठी एकच असते: दोन स्ट्रिंग आणि एक व्हेरिएंट (कोणत्याही टाइपची व्हॅल्यू मावणारा डबा). इंट्रोस्पेक्शन, म्हणजे सर्व्हिसने दिलेलं स्वतःचं वर्णन, वाचून डीबस-पायथनला एवढंच कळतं की तिसऱ्या जागी व्हेरिएंट हवा. त्याच्या आत काय असावं हे तिथे लिहिलेलंच नसतं, म्हणून पायथनचा साधा इंटिजर 'आय', म्हणजे साइन्ड ३२ बिट, म्हणून जातो. डी-बसमध्ये टाइप आपोआप बदलून घ्यायची सोय नाही. १२०० दोन्हींत मावतं म्हणून चालवून घेतलं, असं होत नाही. व्हॅल्यू डीबस मोड्यूलच्या यूइंट१६ मध्ये गुंडाळून द्या. जीडीबस कमांडनेही हेच घडतं: कोनी कंसात नुसतं १२०० लिहिलं तर 'आय', त्याआधी यूइंट१६ लिहिलं तर 'क्यू'.

इनेबल्डचा घोटाळा जास्त गंभीर आहे, तो आजच दुरुस्त करा. एसडी-बसमध्ये 'बी' म्हणजे सी-मधला चार बाइटचा इंट; एक बाइटचं बूल नव्हे. गेटर नसेल तर लायब्ररी दिलेल्या ऑफसेटपासून चार बाइट वाचते आणि त्यांत काहीही शून्येतर असलं तर ट्रू कळवते. म्हणजे इनेबल्ड शून्य असताना शेजारचा एखादा अलार्म फ्लॅग १ झाला की उत्तर ट्रू. लिहिताना याहून वाईट: लिटल-एंडियन (सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी ठेवणाऱ्या) बोर्डावर ट्रू लिहिलं की बाइट पडतात ०१ ०० ०० ००, आणि तिन्ही अलार्म गुपचूप पुसले जातात. कंपायलर इशारा देत नाही, कारण त्याला फक्त ऑफसेट दिसतो. फील्ड इंट करा. स्ट्रक्ट बदलता येत नसेल तर स्वतःचा गेटर-सेटर लिहा, सेटरमध्ये व्हॅल्यू लोकल इंटमध्ये वाचून घ्या आणि मग बूलमध्ये टाका.

टपालखिडकी

कॅलिब्रेशन वेगळ्या इंटरफेसवर हलवा आणि पॉलिसीत सेंड-इंटरफेस लिहून तो इंटरफेस ऑपरेटरला बंद करा. सुटसुटीत.

दुवा_आणि_दार

प्रॉपर्टीच्या बाबतीत ते चालणार नाही, आणि अनेक जण इथेच अडकतात. पॉलिसी बसवर तपासली जाते आणि बस फक्त मेसेजचा हेडर पाहते: कोणाकडे, कोणता पाथ, कोणता इंटरफेस, कोणती मेथड. 'सेट' पाठवताना हेडरमधला इंटरफेस कायम फ्रीडेस्कटॉपचा प्रॉपर्टीज हाच असतो. तुमच्या इंटरफेसचं आणि प्रॉपर्टीचं नाव हे दोन्ही आर्ग्युमेंट, म्हणजे पाकिटाच्या आतला मजकूर. बस पाकीट उघडत नाही. प्रॉपर्टी कितीही इंटरफेसमध्ये वाटल्या तरी पॉलिसीला सगळे 'सेट' सारखेच दिसतात. पॉलिसीनेच वेगळं करायचं असेल तर कॅलिब्रेशनला वेगळा ऑब्जेक्ट पाथ द्यावा लागेल, कारण सेंड-पाथवर नियम लिहिता येतो.

इंट्रोस्पेक्शन एक्सएमएलमधल्या रीड, राइट, रीडराइट या शब्दांवरही विसंबू नका. या प्रॉपर्टीवर कोणती क्रिया होऊ शकते एवढंच ते सांगतात. ती कोणी करावी याच्याशी त्यांचा संबंध नाही.

आता अ‍ॅक्सेस-डिनाइड. एररचा मजकूर वाचा. 'रिजेक्टेड सेंड मेसेज' असं असेल तर बसने अडवलं, म्हणजे पॉलिसी चुकली. 'अ‍ॅक्सेस टू अमुक नॉट परमिटेड' असं असेल तर नकार तुमच्याच सर्व्हिसमधून, एसडी-बसकडून येतोय. बहुधा दुसरंच दिसेल. व्हीटेबलमध्ये (एसडी-बसला दिलेल्या मेथड-प्रॉपर्टींच्या यादीत) अनप्रिव्हिलेज्ड फ्लॅग लावला नसेल तर एसडी-बस मेथड आणि राइट करायच्या प्रॉपर्टी डीफॉल्टने राखीव धरते: पाठवणाऱ्याकडे रूटसारखा विशेषाधिकार, म्हणजे कॅप-सिस-अ‍ॅडमिन हवं किंवा त्याचा यूआयडी (यूजर क्रमांक) सर्व्हिसचाच हवा. म्हणून सूडोने चालतं.

हाच तुमच्या प्रश्नाचा सर्वांत छोटा उपाय आहे. स्पीड आणि इनेबल्डला तो फ्लॅग लावा, कॅलिब्रेशनला लावू नका. सध्याची पॉलिसी तशीच राहू द्या.

पंपघर

एररचा मजकूर दुसराच निघाला, 'नॉट परमिटेड'वाला. फ्लॅग लावल्यावर ऑपरेटरचा स्पीड बदलतो, कॅलिब्रेशन बदलत नाही. अलार्म पुसले जाणंही थांबलं. आता 'तंत्रज्ञ' ग्रुपला सूडो न देता कॅलिब्रेशन बदलू द्यायचंय. सेटरमध्ये पोलकिटला (परवानगी ठरवणारी लिनक्स सर्व्हिस) विचारलं तर?

दुवा_आणि_दार

सेटरमध्ये नको. एसडी-बसचा सेटर परतला की लगेच उत्तर जातं, ते मागे ठेवता येत नाही. पोलकिटने पासवर्ड मागितला तर खिडकी उघडी असेपर्यंत सेटर अडून बसेल आणि सर्व्हिसचा सगळा इव्हेंट लूप (येणारे मेसेज एकामागून एक हाताळणारं चक्र) त्याच्यासोबत थांबेल. कॅलिब्रेशन फक्त वाचायची प्रॉपर्टी करा आणि बदलायला वेगळी मेथड द्या. सिस्टिमडीच्या टाइमडेटमध्ये हीच रचना आहे: टाइमझोन ही प्रॉपर्टी फक्त वाचता येते, बदलायला सेट-टाइमझोन मेथड, आणि पासवर्ड विचारायचा की नाही यासाठी तिला एक बुलियन आर्ग्युमेंट. मेथडचं उत्तर सावकाश देता येतं. मात्र क्लायंटची डीफॉल्ट मुदत २५ सेकंदांची असते. पासवर्ड टाइप होईपर्यंत ती उलटते, तेव्हा त्या कॉलला ती वाढवून द्या.

पोलकिटला पाठवणाऱ्याची ओळख बसवरच्या युनिक नावाने द्या, पीआयडीने (प्रोसेस क्रमांकाने) नको. पीआयडी पुन्हा वापरला जातो.

पासवर्ड नको, फक्त ग्रुप पुरेसा असेल, तर टपालखिडकी यांची सूचना इथे उपयोगी पडते. मेथडचा इंटरफेस हेडरमध्ये असतो, तेव्हा कॅलिब्रेशनची मेथड स्वतंत्र इंटरफेसवर ठेवा, तिला अनप्रिव्हिलेज्ड फ्लॅग लावा आणि पॉलिसीत तो इंटरफेस फक्त तंत्रज्ञ ग्रुपला उघडा. त्याआधी ऑपरेटरचा 'या सर्व्हिसकडे काहीही' हा नियम काढायला विसरू नका, नाहीतर फ्लॅगमुळे ही मेथड त्यांनाही खुली होईल. त्यांना प्रॉपर्टीज आणि इंट्रोस्पेक्टेबल एवढेच इंटरफेस द्या. प्रत्येक नियमात सेंड-डेस्टिनेशन लिहाच. हेडरमध्ये इंटरफेस ऐच्छिक असतो. नुसता सेंड-इंटरफेसवरचा 'डिनाय' इंटरफेस न लिहिलेले सगळे मेसेज अडवतो, तेही प्रत्येक सर्व्हिसचे.

व्हेरिएंट_१६

वाचण्याबद्दल एक राहिलं. एसडी-बस 'गेट'वर कसलीच हक्कतपासणी करत नाही, आणि तसं करण्याला कारण आहे: बदल झाल्यावर जाणारा प्रॉपर्टीज-चेंज्ड सिग्नल व्हॅल्यूसकट सगळ्यांना ऐकू जातो. एक्स्प्लिसिट फ्लॅगने प्रॉपर्टी 'गेट-ऑल'मधून वगळली जाते, पण नाव घेऊन विचारलं तर मिळतेच. लायसन्स-की किंवा पासवर्ड प्रॉपर्टीत ठेवूच नका.

कॅलिब्रेशनच्या मेथडमध्ये व्हॅल्यू बदलल्यावर प्रॉपर्टीज-चेंज्ड तुम्हालाच पाठवावा लागेल. व्हीटेबलमधला एमिट्स-चेंज फ्लॅग इंट्रोस्पेक्शनमध्ये वचन देतो, सिग्नल सोडत नाही. तो पाठवला नाही तर स्क्रीनवरचा प्रॉक्सी (सर्व्हिसची क्लायंटकडची प्रतिकृती) आपल्या कॅशमधली जुनीच व्हॅल्यू दाखवत राहील, आणि तंत्रज्ञ तेच कॅलिब्रेशन दुसऱ्यांदा करेल.